पडवीतला नकाशा आणि सव्वा किलोचा लॅपटॉप : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यातलं हे एक छोटं कार्यालय. पन्नाशीतल्या वास्तुविशारद ताई, त्यांचा पुतण्या आणि मोजणीला सोबत जाणारा एक मुलगा, एवढीच माणसं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. चिपळूणला लॅपटॉपची दुरुस्ती आणि खरेदीचा सल्ला हे माझं काम, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून जवळून पाहता आलं.

ताई घरांचे आराखडे करतात, पण त्यांचं निम्मं काम आराखड्याच्या आधीचं असतं. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं, गडगा (दगडी कुंपण) नेमका कोणाच्या हद्दीत, पाखाडी (दगडी पायवाट) कोणाच्या वाट्यातून जाते, आगरातल्या माडांची वहिवाट कोणाची. जागा किनाऱ्यालगत असली तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, रेषा कुठून जाते हा प्रश्न सगळ्यात आधी. 2019 च्या अधिसूचनेनंतर किनारा व्यवस्थापनाचे जे नकाशे आले, ते गाव नकाशावर बसवून पाहिल्याशिवाय ताई पेन्सिल हातात घेत नाहीत.

हे सगळं त्या वाटेकऱ्यांना स्क्रीनवर दाखवतात, आणि तेही सगळे एकत्र बसलेले असताना. कोकणात असे सगळे एकत्र सापडतात ते गणपतीला आणि शिमग्याला. मुंबई-पुण्याचे भाऊबंद तेवढ्या चार दिवसांत घरी असतात, पडवीत चटई टाकली जाते आणि मधे लॅपटॉप ठेवला जातो. नकाशावर ड्रोनने काढलेलं छायाचित्र बसवलं की ऐंशी वर्षांच्या काकांनाही आपला फणस ओळखू येतो. फणस ओळखला की गडगा ओळखतात, आणि मग वाद असला तरी तो एकाच चित्रावर बोट ठेवून होतो. मोठी स्क्रीन ही ताईंच्या कामाची गरज आहे ती यासाठी. खरेदीचा विचार करताना हा मुद्दा आम्हाला पुन्हा पुन्हा आठवावा लागला, कारण दुकानातली तुलना नेहमी एकट्या माणसाने समोर बसून वापरण्याची असते.

अडचण

त्यांचा जुना लॅपटॉप 17.3 इंची, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. वजन तीन किलोच्या जवळ, आणि त्याची चार्जरची वीट पाऊण किलोच्या पुढे. ताईंचं काम खाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. कधी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला, कधी तवसाळहून जयगडला, एरवी स्कूटर. रस्ता संपला की पाखाडीच्या चिऱ्यांवरून चढ-उतार. त्यांचा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी खांद्यावर ओझं घ्यायचं नाही असं सांगितलं, तेव्हा हा विषय माझ्याकडे आला.

त्यांची मागणी एका वाक्याची होती. "स्क्रीन लहान नको, ओझं नको, आणि पावसाळ्यात बंद पडायला नको." पुतण्याने त्यात भर घातली की रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय चित्र उभं करणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रोनच्या छायाचित्रांची जुळणीही त्यावर झाली पाहिजे.

या चार गोष्टी एका यंत्रात पूर्णपणे बसत नाहीत. मोठा आणि तरीही हलका लॅपटॉप बनवताना वजन कुठून तरी काढावंच लागतं. ते चार जागांहून निघतं: बॅटरी, थंड ठेवण्याची व्यवस्था, बाहेरच्या कवचाचा ताठपणा, आणि उघडून भाग बदलता येण्याची सोय. प्रत्येक यंत्रापुढे मी ताईंना एकच प्रश्न विचारायला सांगितला: याचं वजन कुठून काढलंय, आणि तिथली कमतरता आपल्याला कुठे टोचेल?

आकाराचा हिशोब

सुरुवात आकारापासून केली, आणि तिथेच एक गाठ सुटली. जुनी 17.3 इंची स्क्रीन 16:9 प्रमाणातली, म्हणजे साधारण 38.3 सेंटीमीटर रुंद आणि 21.5 सेंटीमीटर उंच. आता बहुतेक चांगले लॅपटॉप 16:10 प्रमाणात येतात. त्या प्रमाणातली 16 इंची स्क्रीन 34.5 सेंटीमीटर रुंद असते आणि उंची तीच, 21.5. इंचांचा आकडा सव्वाने कमी झाला, पण नकाशाची उंची तेवढीच राहिली, फक्त बाजूचे पावणेचार सेंटीमीटर गेले. तिथे एरवी आराखडे काढायच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरचे पॅनेलच उघडे असतात.

जुनीवर 1920 × 1080 बिंदू होते. 16 इंचीवर 2560 × 1600 मिळाले तर इंचाला सुमारे 189 बिंदू पडतात, आधी 127 होते. गाव नकाशाच्या जुन्या, पुसट स्कॅनमधले गट क्रमांक वाचताना हा फरक लगेच जाणवतो. 15.6 इंची 16:9 स्क्रीन मात्र ताईंनी पाहताक्षणी नाकारली. उंचीला ती 19.4 सेंटीमीटरच भरते.

समोरचे पर्याय

17 इंची हलका लॅपटॉप. एलजीने 2019 मध्ये ग्रॅम मालिकेत 17 इंची यंत्र 1.34 किलोत आणलं, आणि एवढी मोठी स्क्रीन एवढ्या कमी वजनात बसते हे लोकांना दिसलं. ताईंना हा आकार मनापासून आवडला होता. अडचण वजनाची नव्हती, लांबीची होती. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत आणि त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ही रुंदी नीट बसत नव्हती.

15 इंची मॅकबुक एअर. जून 2023 मध्ये आलेलं हे यंत्र 1.51 किलोचं, 11.5 मिलिमीटर जाडीचं, आणि त्यात पंखाच नाही. समुद्राकाठी पंखा नसणं ही मोठी जमेची बाजू आहे, ती पुढे सांगतो. पण रेव्हिट मॅकवर चालत नाही, ते फक्त विंडोजसाठी आहे. एवढ्या एका कारणाने तो पर्याय बाद झाला, याचं मला वाईट वाटलं.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा 16 इंची लॅपटॉप. सगळी कामं करणारा, पण सव्वादोन किलोच्या पुढे आणि चार्जर पुन्हा जड. पुतण्याचा कल इकडे होता.

14 इंची लॅपटॉप आणि सोबत वेगळी पातळ स्क्रीन. कागदावर हुशारीचा पर्याय. पण 15-16 इंची सुटी स्क्रीन कव्हरसकट किलोच्या घरात जाते, वर केबल, आणि पडवीत चटईवर दोन वस्तू उभ्या करायच्या. ताईंनी एकदा मांडून पाहिलं आणि नाही म्हणाल्या.

उरला 16 इंची, सव्वा किलोच्या आसपासचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच असलेला लॅपटॉप. या वर्गात आता बऱ्याच कंपन्या आहेत. कुठल्या कंपनीचा घेतला हे इथे महत्त्वाचं नाही.

ज्या ठिकाणी अडलो

पहिली अडचण कामाच्या ताकदीची. हलक्या यंत्रातला प्रोसेसर थोडा वेळ जोरात धावतो, मग तापतो आणि वेग उतरवतो. त्याची दीर्घकाळ पेलण्याची क्षमता 15 ते 28 वॅटची असते, जाड यंत्रात 45 वॅट आणि वर ग्राफिक्स कार्डाचे वेगळे. पुतण्या आणि ताई यांच्यात इथे खरा मतभेद होता. मग आम्ही त्यांच्या कामाची यादी केली आणि प्रत्येकापुढे "कुठे होतं" एवढंच लिहिलं. द्विमितीय आराखडे, नकाशे जुळवणं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थर दाखवणं हे बाहेर होतं. त्यातलं ऑटोकॅडचं काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालतं, त्याला हलकं यंत्र पुरतं. ड्रोनच्या छायाचित्रांची जुळणी आणि रेव्हिटमधली त्रिमितीय चित्रं मात्र एकदाही खाडीपलीकडे झाली नव्हती, ती नेहमी कार्यालयातच. मग जुना लॅपटॉप विकायचा कशाला? तो टेबलावर कायमचा राहील, जड कामं तो करेल. हे ठरल्यावर नव्या यंत्रावरचा निम्मा भार उतरला. पुतण्याला ते लगेच पटलं असं नाही, पण यादी त्यानेच लिहिली होती.

दुसरी अडचण खाऱ्या हवेची, आणि या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण लॅपटॉपची जी परीक्षणं वाचायला मिळतात त्यांत याचा विचार क्वचितच दिसतो. किनाऱ्यावरच्या घरांतून आलेले लॅपटॉप उघडले की पंख्यामागच्या पात्यांच्या जाळीत पांढरी भुकटी दिसते, तांब्याच्या नळीवर हिरवट थर असतो आणि स्क्रू गंजलेले असतात. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हवेबरोबर मीठ आणि ओल येते. पातळ यंत्रात पाती दाट आणि फटी अरुंद, त्यामुळे तिथे थोडी भुकटीही पुरते. शिवाय मॅग्नेशियम. वजनाच्या दृष्टीने ते उत्तम आहे: अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7 तर याची 1.8 च्या आसपास. पण खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात दुसऱ्या धातूला टेकलं की झिजण्यात मॅग्नेशियमचा पहिला नंबर लागतो. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी घालतात ती याच गुणासाठी, टाकीऐवजी ती झिजावी म्हणून. लॅपटॉपच्या कवचावर रंगाचा आणि रासायनिक प्रक्रियेचा थर असतो तोवर काळजी नाही. थर खरवडला, त्यात पोलादी स्क्रू आणि ओलसर मीठ आलं, की तिथून फोड उठायला लागतात.

म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं थोडं जड यंत्र घ्यावं का, यावर बराच खल झाला. शेवटी ताईंच्या खांद्याने निर्णय दिला. अट एवढीच की यंत्रावर ओरखडा दिसला की तो तसाच ठेवायचा नाही, आणि पावसाळा संपला की दरवर्षी उघडून साफ करून घ्यायचं.

तिसरा मुद्दा स्क्रीनचा प्रकार. ओएलईडी स्क्रीन, म्हणजे जिचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो ती, पाहून पुतण्या हरखला होता, आणि तिचे रंग खरोखर देखणे असतात. पण तिचा पृष्ठभाग बहुधा चकचकीत. पडवीत बसल्यावर समोरच्या खळ्यातला सगळा उजेड तिच्यात दिसतो. शिवाय ओएलईडीला पांढरा रंग दाखवायला जास्त वीज लागते, आणि ताईंचे नकाशे पांढऱ्या पार्श्वभूमीचेच. मॅट आयपीएस स्क्रीन, 400 निट्सच्या (निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास उजेडाची, असं ठरलं. बाजूने पाहणाऱ्यालाही रंग बदललेले दिसू नयेत ही गरज आयपीएसने भागते.

चौथा मुद्दा आधी कोणाच्याच यादीत नव्हता. दुकानात ताईंनी लॅपटॉप खाली जमिनीवर ठेवायला सांगितला आणि विचारलं, "हा पूर्ण उलगडतो का?" काही यंत्रांची बिजागरी अशी असते की झाकण उघडताना मागची कड वर उचलली जाते. त्याने हवा खेळती राहते, टायपिंगला बरं पडतं, पण झाकण 130-140 अंशांवर अडतं. काहींचं झाकण थेट 180 अंश, सपाट होतं. सपाट झालेला लॅपटॉप चटईवर ठेवला आणि चित्र फिरवलं की तो कागदी नकाशासारखा मधे पसरतो, भोवती बसलेल्या सगळ्यांना दिसतो. शेवटी समोर उरलेल्या दोन यंत्रांत बाकी फरक फारसा नव्हता. निवड बिजागरीवर झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सगळ्यात अचूक निर्णय होता.

बाकीचं लवकर उरकलं. अशा पातळ यंत्रात रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. एलपीकॅम2 प्रकारची बदलता येणारी रॅम 2024 मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी1 मध्ये आली, पण या वर्गात ती दुकानात मिळाली नाही. नंतर वाढवता येणार नाही म्हणून सुरुवातीलाच 32 जीबी घेतली. एसएसडीच्या दोन जागा आहेत याची खात्री केली. बॅटरी डिंकाने चिकटवलेली नको, स्क्रूने बसवलेली हवी, हा माझा हट्ट होता. गुहागरहून चिपळूण सुमारे 45 किलोमीटर, आणि सुटा भाग येतो तो त्याहून लांबून. जागेवर येऊन दुरुस्तीची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घेतलं.

काय केलं

यंत्र श्रावणात आलं, गणपतीच्या आधी. 75 वॅट-अवरच्या आसपासची बॅटरी. (विमानात सोबत नेण्याच्या बॅटरीवर 100 वॅट-अवरची मर्यादा आहे, म्हणून मोठ्यातला मोठा लॅपटॉपही सहसा त्याच्या आतच थांबतो.) नकाशे दाखवण्याच्या कामात, उजेड पूर्ण ठेवून, यंत्र 12 वॅटच्या आसपास वीज घेतं. म्हणजे सहा तास हाताशी. चार्जर यूएसबी-सी, 65 वॅटचा, पाव किलोच्या आतला. घरच्या इन्व्हर्टरवर तो निवांत चालतो.

बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करून दिली, कारण कार्यालयात यंत्र सतत वायरीला असतं, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. यावर ताईंनी एक दुरुस्ती केली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि मोडलेल्या घरांची मापं घेत त्या तिथे फिरल्या होत्या. त्यामुळे हवामान खात्याचा इशारा आला की मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरायची, असा त्यांनी नियम केला.

थंड केलेल्या गाडीतून उतरून दमट हवेत आल्याबरोबर यंत्र चालू करायचं नाही, आधी थोडा वेळ सॅकमध्येच राहू द्यायचं, हेही ठरलं. थंड धातूवर दव धरतं ते आतल्या पात्यांवरही धरतं.

पुढे काय झालं

गणपतीत एका घरी चौघा भावांच्या वाटण्यांची बैठक झाली. यंत्र सपाट उलगडून चटईवर ठेवलं होतं. थोरल्या आत्यांनी चष्मा पुसून विचारलं, "ही विहीर आपली ना? मग गडगा तिच्या पलीकडून हवा." आत्यांना उठून बाजू बदलावी लागली नाही. ताईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा खांद्याबद्दल त्या शेवटी बोलल्या. खांदा बराच हलका झाला होता.

मग शिमग्यात स्क्रीनवर दोन पांढुरके डाग दिसले. यंत्र पडलं नव्हतं. सॅकमध्ये एका बाजूला मोजणीची लोखंडी पेटी, दुसऱ्या बाजूला सातबाऱ्यांच्या फाईली, आणि मधे लॅपटॉप. स्कूटरवर प्रत्येक खड्ड्याला पेटीचा कोपरा झाकणावर दाबला जात होता. इथे कवचातून काढलेलं वजन समोर आलं. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दीड मिलिमीटरवरून एकावर आणली तर ताठपणा तीस टक्क्यांच्या आसपास उरतो. त्यात मॅग्नेशियम त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त वाकतं, आणि झाकण जितकं मोठं तितकं ते मधोमध दबतं. दाब थेट स्क्रीनमागच्या उजेडाच्या थरांवर जातो.

डाग कामाला अडत नाहीत, म्हणून पॅनेल बदललं नाही. पण टणक पाठीचं आवरण घ्यावं लागलं, आणि ते भरलं तीनशे ग्रॅमच्या वर. त्याच पैशात आणि वजनात अ‍ॅल्युमिनियमचं यंत्र साध्या पिशवीतून नेता आलं असतं, हे पुतण्याने बोलून दाखवलं. त्याचं म्हणणं चूक नाही. तरीही आवरणासकट सगळं मिळून वजन दोन किलोच्या आत राहिलं, जुन्याच्या निम्म्याच्या आसपास.

भाद्रपदानंतर यंत्र उघडलं. जाळीत भुकटीचा पातळ थर होता, ब्रशने निघाला. तळाच्या एका स्क्रूभोवती रंग उडून बारीक फोड आला होता. तो घासून साफ केला, वर रंगाचा हात दिला आणि पोलादी स्क्रू बदलून स्टेनलेसचा घालावा का यावर विचार करून तो मोह टाळला. मॅग्नेशियमशेजारी स्टेनलेस आणखी त्रासाचं ठरतं. मूळ कंपनीचाच मुलामा दिलेला स्क्रू मागवला.

वेगळं काय करता आलं असतं

वजनाची तुलना आम्ही यंत्राच्या आकड्यांवर केली. ती सॅकच्या वजनावर व्हायला हवी होती: यंत्र, चार्जर, आवरण, आणि बाजूला काय असणार ते. टणक आवरण पहिल्या दिवशी आलं असतं तर डाग पडले नसते, आणि दोन धातूंमधली तुलना जास्त प्रामाणिक झाली असती. तशी तुलना करूनही ताईंनी मॅग्नेशियमच घेतलं असतं असं मला वाटतं. ज्यांचा खांदा धड आहे त्यांना मी किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमकडे वळवेन.

सॅकची मांडणीही खरेदीचाच भाग धरायला हवी. आता लोखंडी पेटी मोजणीच्या मुलाच्या पाठीवर असते.

दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली स्क्रीन पाहून निर्णय घेतला, तो योग्य ठरला. पण दुकानदाराने परवानगी दिली असती तर यंत्र दारात, उन्हाकडे तोंड करून, तासभर चालवून पाहणं अधिक चांगलं. उजेड पूर्ण असताना पंखा किती वाजतो आणि तळ किती तापतो हे तिथेच कळतं.

पुतण्याने गेल्या महिन्यात स्वतःसाठी यंत्र घेतलं. तो दिवसभर टेबलाशी असतो, म्हणून त्याने सव्वादोन किलोचा, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा आणि बदलता येणाऱ्या रॅमचा 16 इंची लॅपटॉप निवडला. जुनं 17.3 इंची यंत्र आता ड्रोनच्या छायाचित्रांची जुळणी रात्रभर करत बसतं. त्याची बॅटरी फुगायला लागली होती, म्हणून ती काढून टाकली आहे, आणि ते थेट यूपीएसवर चालतं.